फ्यूज जागेवर नाही

डेस,

मी तुला सोडून गेलेले नाही. आपली कॅरॅव्हॅन इथेच आहे, फक्त ती ओढणारी गाडी नेली आहे.

फ्रिज सकाळीच बंद पडला. गाडी चालू ठेवूनही कॅरॅव्हॅनची बॅटरी चार्ज होत नव्हती. मी मोजलं: गाडीच्या बॅटरीवर चौदा व्होल्ट, कॅरॅव्हॅनला वीज देणाऱ्या मागच्या प्लगवर शून्य. मधला फ्यूजच नाही. वाळूतून निघाल्यावर टायरमध्ये हवा भरायला पंप जोडताना तू तो काढला होतास. काल विचारलं तर म्हणालास, "बसवलाय परत, ग्लेनिस, मला वेड्यात काढू नकोस." तुझे सगळे खिसे पाहिले, कुठेच नाही.

बाहेर त्रेचाळीस अंश आहेत. तुझं सगळं इन्सुलिन ओल्या टॉवेलात गुंडाळून पंच्याण्णव किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपाच्या रोडहाऊसमधल्या फ्रिजमध्ये ठेवायला नेते आहे. फ्यूजही तिथेच मिळेल. मिळायलाच हवा. पाचपर्यंत येते.

बाराचं इंजेक्शन आणि जेवण झालंय. आठवलं नाही तरी झालंय. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या नोरीनला विचार. ती म्हणाली, "जा गं तू, मी याला पत्त्यांत हरवत बसते."

पाणी पीत राहा. मला शोधायला रस्त्यावर जाऊ नकोस. तुझे बूट मी गाडीत घेतले आहेत.

ग्लेनिस