एक्झिट घेतली म्हणे!

९ जून २०२६

कॉलेज सोडलं कार्टीने! एस.वाय. पास झाली आणि सोडलं. अंधेरीला इव्हेंट कंपनीत नोकरी लागली म्हणून. मी कपाळाला हात लावून बसले, तर तेजल म्हणते, "सोडलं काय गं आई? एक्झिट घेतली. नवीन शैक्षणिक धोरण आहे ना! दोन वर्षांचा डिप्लोमा मिळणार मला. वाटलं तर परत जाईन थर्ड इयरला. क्रेडिट्स बँकेत जमा असतात."

बँकेत! माझी दोन वर्षं कुठल्या बँकेत आहेत कुणास ठाऊक.

मीही एस.वाय. पास होऊनच सोडलं होतं. तेही अंधेरीतच नोकरी लागली म्हणून, एमआयडीसीत. तेव्हा त्याला एक्झिट म्हणत नव्हते. 'शिक्षण अर्धवट टाकलं' म्हणत. लग्नाच्या बायोडेटात सरळ 'बारावी पास' लिहिलं गेलं.

१० जून

अण्णांना सांगायची धास्ती होती. कांजूरमार्गची त्यांची बिल्डिंग पाडायला घेतल्यापासून ते मुलुंडला आमच्याकडेच आहेत. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. मी कॉलेज सोडलं तेव्हा वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. "कमलला सांग दिवा बंद करायला" — आईकरवी! मी समोर बसलेली असायचे.

आणि नातीला काय म्हणाले? "अरे वा! सरकारनेच सोय केलीय तर घ्यावी माणसाने."

संपलं!

११ जून

स्वतःच्या पोरीवर कोण जळतं? मी जळते. लिहून टाकलं, झालं.

१४ जून, रविवार

वंदनेनंतर अण्णांनी विहारात पेढे वाटले. "नातीने डिप्लोमा घेतला!" शिंदेकाकूंना तर दोन दिले. अजून हातात कागद नाही! त्यासाठी सुट्टीतला एक कोर्स करायचाय, तो सुरूपण झालेला नाही. हे मी सगळ्यांसमोर बोलले. मुद्दाम. तेजलचा चेहरा खर्रकन उतरला. 

जेवताना नवरोबा निलेश म्हणाला, "कमल, पोरगी आहे ती तुझी. जाऊबाई नाही."

हसू आलं. जळफळाट काही गेला नाही.

१६ जून

कामावरून लवकर सुटले आणि तेजलच्या कॉलेजात गेले. तिला न सांगता. खिडकीवरच्या बाईंना विचारलं — माझीही दोन वर्षं पास आहेत, इथलीच, जुनी. मला मिळेल का हो तो डिप्लोमा?

बाई चांगल्या होत्या. हसल्या नाहीत. "नाही ना ताई, हे आताच्या बॅचसाठी आहे. तुम्हाला परत पहिल्या वर्षापासून करावं लागेल."

म्हणजे तेच कॉलेज, तोच अभ्यास, तेच सोडणं. हिला सर्टिफिकेट, मला ठेंगा! बाहेर येऊन लिंबू सरबत प्यायले. रडू येत होतं, पण गेटवर सगळी तेजलच्या वयाची पोरं.

२१ जून, रविवार

आज विचारलंच. निलेश बाहेर, तेजल इव्हेंटला निघून गेलेली. अण्णांना चहा दिला आणि समोरच बसले. "अण्णा, मी सोडलं तर वर्षभर तोंड फिरवलंत. हिने सोडलं तर पेढे. का?"

वाटलं, ओरडतील. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तिच्याकडून मी काही अपेक्षाच धरली नव्हती गं. दोन वर्षं केली, तेच पुष्कळ. तुझं तसं नव्हतं. तू प्रोफेसर होणार म्हणून मी अख्ख्या चाळीत सांगत फिरायचो. तुझं लागलं मला."

इतकी वर्षं मला वाटायचं, मी त्यांच्या मनातून उतरले! आणि हे असं होतं. संध्याकाळी स्वयंपाक करताना चक्क गुणगुणत होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. अण्णा मुकाट्याने जेवले. सगळ्यांना वाढताना मीच जिंकल्यासारखं वाटत होतं. तेजल उशिरा आली, जेवण नको म्हणाली. दमली असेल.

२२ जून

निलेशकडून कळलं. काल तेजल चार्जर विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली होती. दार लोटलेलंच होतं. अण्णांचं बोलणं ऐकून आत न येताच गेली.

आज डबा घेताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्यावर ते रागावले तरी होते, आई."