तुझ्या फोनमधली लाल रेघ

प्रिय नसीम,

काल संध्याकाळी डोंगरातून परत आले. आज सकाळपासून मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले आहे आणि मांडीवर पाट ठेवून हे लिहिते आहे. तुझ्या लेकीला, सनाला फोन करायचा आहे, पण त्याआधी तुझ्याशी बोलणं भाग आहे. समोरासमोर बोलायची सोय तू ठेवली नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी राग काढून घेते.

तो तुझा नेटशिवाय चालणारा नकाशा! आपला जिल्हा फोनमध्ये उतरवून घ्यायला मला तीन दिवस लागले. पहिल्यांदा फोन म्हणाला जागा नाही. मग लोकांनी पाठवलेले सुप्रभातचे गुलाब आणि चहाचे कप शेकड्यानं पुसले. दुसऱ्यांदा नकाशा अर्ध्यावर अडकला. मोबाईलच्या दुकानात गेले, तर तिथला मनुष्य मलाच समजावतो, "मावशी, डोंगरात रेंज नसती. नकाशा चालंल कसा?" मी त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, नकाशा आधीच फोनमध्ये असतो, आपण कुठे उभे आहोत ते उपग्रह सांगतो, रेंजचा इथे काय संबंध? दुकानाची पायरी उतरताना लक्षात आलं, हे सगळं बोलणं तुझं होतं. ज्यावरून मी तुला वर्षभर टोचून खाल्लं, तेच मी परक्या माणसाला ऐकवून आले. मग आणखीच संताप झाला.

आणि डोंगरात? उन्हात काचेवर माझाच चेहरा दिसतो, नकाशा दिसत नाही. घामेजल्या बोटाला ते यंत्र दाद देत नाही. मी वळले की सगळं जग वळतं. उभा जन्म मी शाळेत भूगोल शिकवला, नसीम. नकाशात उत्तर दिशा वर असते. ती वरच राहिली पाहिजे. एवढी साधी शिस्त ज्या वस्तूला नाही, तिच्या भरवशावर तू पाठीवर सामान बांधून निघायचीस?

तू टेलिफोन खात्यातली, तुला यंत्राचं कौतुक. मी म्हणायचे, रस्ता माणसांना विचारावा आणि जमिनीवर बघावा. कॉन्व्हेंटमध्ये स्काऊट-गाईडच्या तासाला सिस्टरनं आपल्याला दगडांची खूण शिकवली होती, ती आपण म्हातारपणापर्यंत पाळली. वाट फुटली की पुढे गेलेलीनं दगडावर दगड ठेवायचा आणि ज्या बाजूला वळली त्या बाजूला तिसरा. मागून येणारीनं ती खूण बघायची आणि मोडून टाकायची, म्हणजे दुसरा कुणी वाटसरू फसायला नको. इतक्या वर्षांत आपण एकदाही चुकलो नव्हतो.

एकदा सोडून.

तू वाचणार नाहीस, तरी सगळं नीट लिहून काढते. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. म्हैसमाळहून निघून दोन दिवसांत लासूर स्टेशन गाठायचं आणि तिथून रेल्वेनं घरी यायचं, असं ठरलं होतं. मुक्काम डोंगरउतारावरच्या वस्तीवर पार्वताबाईंच्या घरी. सकाळी त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या आणि तू त्यांना फोनमधला नकाशा दाखवत होतीस. मी आपली सहज म्हणाले की आम्हाला खूण पुरते, हे खेळणं लागत नाही. तर तू हसलीस आणि त्यांच्यासमोर म्हणालीस, "कुंदे, तेरे पत्थरांकू अब कौन पूछता गे?"

लागलं मला ते. पार्वताबाईही हसल्या, ते जास्त लागलं. मी पिशवी उचलली आणि एकटीच पुढे निघाले. तुझी हाक ऐकली होती. थांबले नाही.

पुढे पडक्या विहिरीपाशी वाट फुटते. उजवीकडची कालव्याच्या पाटाकडे जाते, डावीकडची ओढा उतरून डांबरी रस्त्याला लागते. मी डावीकडे वळले. रस्त्यावर आले, काळी-पिवळी जीप मिळाली, लासूर गाठलं. फलाटावर तुझी वाट बघितली, तू आली नाहीस, गाडी आली, मी गाडीत बसून घरी आले.

यानंतर मी जगाला काय सांगितलं, ते तुला ठाऊक आहे. मी सांगितलं की विहिरीपाशी मी दगडांची खूण ठेवली होती. नसीमचं डोकं फोनमध्ये, तिनं जमिनीकडे बघितलंच नाही. फोन दाखवील तिकडे निघून गेली आणि या वयात मला एकटीला डोंगरात टाकलं. रविवारी आपल्यासोबत फिरायला येणाऱ्या सगळ्या बायकांना हे सांगितलं. जानेवारीत सना समेट करायला घरी आली, तिलाही सांगितलं, वर रडून दाखवलं. ती पोर तणतणत गेली आणि तुला बोलली. तू तिला काय उत्तर दिलंस ते तिनंच मला नंतर सांगितलं. म्हणे, अम्मी फक्त एवढंच बोलली, "कुंदाकू पूछ."

इतकं मोजकं बोलायची सवय तुला कधीपासून लागली गं? जन्मभर तोंडाचा पट्टा चालवलास आणि नेमकं बोलायचं तेव्हा गप्प बसलीस! तू मला दोनदा फोन केलास. मी तो उलटा करून ठेवला. म्हटलं, आणखी एक महिना कुढू दे. तुझ्याकडे महिना नव्हता, हे मला कोण सांगणार होतं? फेब्रुवारीत तुझं हृदय थांबलं. सकाळी चहा ठेवायला उठलीस आणि संपलीस. भांडण तसंच माझ्या अंगावर टाकून.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर सना तुझा फोन आवरायला बसली. तिनं मला विचारलं, "खाला, अम्मीच्या फोनमध्ये तुमच्या नावानं एक रस्ता जपून ठेवलाय. ठेवू का पुसू?" डिसेंबरातल्या त्या दिवशी तू चाललीस तो रस्ता फोननं टिपून ठेवला होता. तू त्याला माझं नाव दिलंस! मी म्हटलं, पुसू नकोस, मला पाठव.

कशासाठी मागितला, ते खरं लिहिते. मला पुरावा हवा होता. तुझ्या फोननं तुला चुकीच्या वाटेनं नेलं, हे मला त्याच फोनमधून सिद्ध करायचं होतं. मेलीस तरी तुला जिंकू द्यायचं नव्हतं.

घरी बघितलं तर नकाशावर लाल रेघेचा नुसता गुंता. मांजरीनं लोकरीचा गुंडा विस्कटावा तसा. कुठून कुठे गेलीस, काही कळेना. म्हटलं, तुझ्या रेघेवरून चालूनच बघते. परवा वेरूळला मुक्काम केला, काल पहाटे निघाले आणि पार्वताबाईंच्या वस्तीच्या कडेनंच तुझी रेघ धरली. फोनवर निळा ठिपका म्हणजे मी, आणि पुढे लाल रेघ म्हणजे तू.

विहिरीपर्यंत ठीक चाललं होतं. तिथे रेघेच्या गाठीच गाठी. मग ती उजवीकडे गेली, थोड्या अंतरावरून परत. मी तुला शिव्या देत गेले आणि परत आले. मग डावीकडे, ओढ्यापर्यंत, आणि पुन्हा परत. ऊन चढलं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, अगं, ओढा उतर की, पलीकडे रस्ता आहे! उतरली नाहीस. रेघ पुन्हा विहिरीपाशी आली आणि तिथून सरळ वर चढायला लागली. ज्या वाटेनं उतरलो त्याच वाटेनं. मला काही सुधरेना. गुडघे बोलायला लागले. तरी चढले.

रेघ पार्वताबाईंच्या अंगणात गेली.

त्या तूर पाखडत होत्या. मला बघून उठल्या. तुझी चौकशी केली. तू गेलीस हे सांगितल्यावर सूप खाली ठेवून मटकन बसल्या आणि बोलायला लागल्या. "त्या दिवशी माघारी आली व्हती की ती. दुपारच्याला. लई घाबरली व्हती. माही मैत्रीण इकडं आली का, म्हून इचारत व्हती. म्या म्हणलं, नाय. बस, पाणी पे, तर बसंना. म्हणली, कुंदा बिनपाण्याची गेली, रागात बाटली भरायची राह्यली तिची. दोन बाटल्या भरून घेतल्या अन् तशीच पळाली."

त्यांनी मला पाणी दिलं, तांब्या तसाच ठेवून मी उठले.

तिथून रेघ परत विहिरीपाशी गेली. पुन्हा उजवीकडे, आता पार पाटापर्यंत. पुन्हा डावीकडे, आता ओढा ओलांडून रस्त्याला. आणि मग एकदम सरळ, वाळूजच्या कारखान्यांच्या दिशेनं, बजाजनगरपर्यंत. म्हणजे कुणा कामगाराच्या गाडीवर मागे बसून आलीस. संध्याकाळची शिफ्ट गाठायला निघालेला कुणीतरी असणार. तेव्हा मी घरी गरम आमटी-भात खात होते.

रस्त्याच्या कडेला एका बांधावर बसले आणि फोन बंद केला. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी खूण ठेवली नव्हती.

विसरले नव्हते. विहिरीपाशी थांबले होते, दगड हातात घेतला होता. मग म्हटलं, तुझ्याकडे फोन आहे ना, शोध त्यात. आणि दगड टाकून दिला. लासूरच्या फलाटावर माझ्या फोनला रेंज होती. तो मी मुद्दाम बंद ठेवला. वाट बघितली म्हणून सांगते तीही खोटीच. गाडी आधीच लागली असती तर तेवढीही बघितली नसती.

आपली खूण मागचीनं मोडायची असते. त्यामुळे मी ठेवली की नाही, हे दुसरं कुणी तपासू शकत नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं. ठाऊक फक्त तुला होतं. तू दगडांशिवायची ती जागा बघितली होतीस. सनाला एका वाक्यात सांगता आलं असतं तुला. मला खोटी पाडायला एवढा संकोच? की मी आपणहून सांगेन, असं वाटत होतं? माझ्याबद्दल इतकं चांगलं मत ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं?

आणि फोन तुला वाट दाखवत होता, नसीम. लासूरची वाट त्यावर स्वच्छ होती, मी काल बघितली. तू तिच्यावरून सरळ रस्त्याला लागून गाडी धरली असतीस तर तासाभरात माझ्यासमोर उभी राहिली असतीस. पण नकाशावर मी कुठेच दिसत नव्हते, म्हणून तू सगळ्या वाटा पायांनी तपासत बसलीस. मूर्ख बाई. मी एवढी चिडले आहे तुझ्यावर, की रडूसुद्धा नीट येत नाही.

आता पाय कोरडे करते आणि सनाला फोन लावते. खूण ठेवली नव्हती, इथपासून सुरुवात करीन. माझ्या रागाचं कारण सांगत बसणार नाही. ती मला वाट्टेल ते बोलेल, बोलू दे. नंतर तिला घरी बोलावून ती रेघ दाखवीन, कुठे वळलीस, कितीदा परत आलीस, सगळं. रविवारी बाकीच्या बायकांसमोर उभी राहून शाळेच्या प्रार्थनेतल्या आवाजात हेच सांगीन. जितक्या मोठ्यानं खोटं बोलले, तितक्याच मोठ्यानं.

सना तुला जे बोलली ते तिला आता परत घेता येणार नाही, आणि ते माझ्यामुळे. पण मैत्रिणीला डोंगरात टाकून गेलेली अम्मी तिच्या मनात आज संध्याकाळनंतर राहणार नाही. एवढं मी तुला वचन देते.

तुझी,
कुंदा