दोन्ही प्रोग्रॅम पूर्ण झाले, वहिनी

प्रिय वहिनी,

काल सकाळी व्यायामाचा दुसरा प्रोग्रॅम संपला. शेवटच्या व्हिडिओतली ती बाई हसत टाळ्या वाजवत होती आणि मी इथे तलासरीत, घामाने निथळत फरशीवर आडवी पडले होते. उठले, सवयीने फोन हातात घेतला आणि थबकले. आता लावणार कुणाला? "कुठला भारी गं, पहिला की दुसरा?" असं तुझ्याशिवाय मला कोण विचारणार होतं? म्हणून लिहायला बसले.

सुरुवात तुझीच. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं. दुसरी कुणी असती तर सकाळी फिरायला गेली असती. तू मात्र मोबाईलवर तो उड्यांचा प्रोग्रॅम शोधून काढलास आणि आशागडच्या घरातली ओसरी रिकामी केलीस. आई आतून ओरडली, "सूनबाई, घर हलतंय!" तू म्हणालीस, "घर नाही हो आई, माझं पोट हलतंय!" पुढेही आई रोज ओरडायचीच, पण ओरडताना हसायची.

आणि वाडीत चिकू उतरवायला येणारी कमळी! तिने खिडकीतून डोकावून विचारलं होतं, "बाय, कोन पाठी लागलाय तुमच्या?" धापा टाकत तू म्हणालीस, "म्हातारपण!"

मग तू मला ओढलंस. मी नको नको म्हणत होते. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून माझी पाठ धरलेली, त्यात उड्या कुठून मारू? "पाठ धरलीय म्हणूनच मार," म्हणालीस. सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा, तिकडे तू, इकडे मी. माझ्या खिडकीतून हायवेचे ट्रक वाजायचे आणि प्रोग्रॅममधला तो पिळदार दंडांचा माणूस इंग्रजीत खेकसायचा. तू त्याला मराठीत सुनवायचीस. "अरे थांब की मेल्या, आम्हाला डबे करायचेत!"

काय भयंकर होता गं तो पहिला प्रोग्रॅम! सामान काही नाही, नुसतं आपलं शरीर, आणि तेच उचलवेना. बर्पीत, म्हणजे जमिनीवर आडवं होऊन उडी मारत उठायचं त्यात, खाली जायचे ती वर यायलाच तयार नसायचे. मी कितीदा मधेच बसले. तू नाही बसलीस. वेग कमी करायचीस, उडी न मारता पाऊल टाकायचीस, पण थांबायची नाहीस. तुझं मला कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. माझ्यापेक्षा मोठी असून ही बाई थकत कशी नाही?

तो पूर्ण केल्यावर थोड्याच दिवसांनी आई घरामागच्या शेवाळावर घसरून पडली. दादा डहाणूच्या बाजारात गेलेला, घरात तू एकटी. तू आईला उचललंस आणि थेट रिक्षापर्यंत नेलंस. नशिबाने हाड मोडलं नव्हतं. संध्याकाळी मी घाबरून फोन केला, तर तुझं पहिलं वाक्य काय? "माधुरी, त्या स्क्वॉटच्या उठाबशा कामाला आल्या गं!" आई अजून प्रत्येक पाहुण्याला सांगते, "सुनेने मला लेकरासारखी उचलली."

मग आपण दुसरा सुरू केला, डंबेल्सचा. आधी पाण्याच्या बाटल्या, मग तू वापीहून खरे डंबेल्स आणलेस. पण या वेळी तू मधेच फोन बंद करायचीस. "नेट गेलं," म्हणायचीस. वहिनी, नेट गेलं नव्हतं ना? दम संपत होता. मला का नाही सांगितलंस? दादाला का नाही? तुला वाटलं असेल, जरा आराम केला की जाईल. तपासणी झाली तोवर आजार पोटात सगळीकडे पसरला होता. यावर मी तुझ्याशी अजून भांडते, मशीनवर बसल्या बसल्या.

तिकडे गुजरातच्या बाजूच्या दवाखान्यातही तू गप्प पडून राहिली नाहीस. एका हाताला सलाईन, तर दुसरा हात वर-खाली. शेजारच्या खाटेवरच्या बेनने विचारलं, "बेन, आ शुं करो छो?" तू म्हणालीस, "कसरत!" ती म्हणाली, "मने पण शिखवाडो." आणि तू तिला शिकवलंस! शेवटच्या आठवड्यापर्यंत तू स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेलीस. नर्स म्हणाली होती, या बाईच्या पायांत फार जोर आहे.

तुझ्या तेराव्याला कुणीतरी म्हणालं, "एवढ्या उड्या मारून काय मिळालं?" आईच म्हणाली, "मी मिळाले. मी पडले होते तिथेच पडून राहिले असते."

पुढे एका दुपारी दादा स्कूटरवर डंबेल्स घेऊन आला, तांदळाच्या गोणीत बांधून. "तूच ठेव," एवढंच बोलला आणि चहा न घेता गेला. दुसऱ्या सकाळी मी डंबेल्सचा प्रोग्रॅम पहिल्या व्हिडिओपासून लावला.

तर आता ऐक, कुठला भारी. पहिल्यात वजन भराभर उतरलं आणि सोडल्यावर भराभर परतही आलं. गुडघे कुरकुरले ते वेगळंच. पण हसू खूप आलं. दुसऱ्यातली बाई हळू बोलते, हळू उचलायला लावते, त्याहून हळू खाली ठेवायला लावते, आणि हात थरथरायला लागले की म्हणते, अजून एकदा. कंटाळा येतो, पण माझी पाठ आता दुखत नाही. गॅसचा सिलेंडर मी एकटी सरकवते. अवघड दुसरा, वहिनी. चांगलाही दुसराच. तुला तो पुरा करता आला असता, तर तूही हेच म्हणाली असतीस. पण कुणी नवशिकी विचारायला आली तर मी तिला पहिलाच सांगेन, आणि सांगेन की सोबतीला कुणीतरी घे.

सोमवारपासून तिसरा सुरू करतेय, आपण दोघी ज्याला घाबरायचो तो. जमेल तेवढं करीन. आणि तुला एक वचन देते. ज्या दिवशी दम नेहमीपेक्षा लवकर संपेल, त्या दिवशी मी नेट गेलं म्हणणार नाही. घरात मोठ्याने सांगेन, की मला बरं वाटत नाही.

तुझी नणंद,
माधुरी