यापराखमधला दगड

नॉरशॉपिंग, १४ मार्च

प्रिय गलावेजताई,

सप्रेम सलाम. सुलेमानीतली थंडी ओसरली असेल, तुझे गुडघे मोकळे झाले असतील, दाजींची सिगारेट मात्र सुटली नसेल, असं धरून चालतो. आम्ही इथे जिवंत आहोत. गुरुवारी दुपारी तेवढीही खात्री नव्हती.

आपल्या खानावळीच्या जागेची मालकीण सोल्वेगबाई. जूनमध्ये करार संपतो. बाईंनी कळवलं, गुरुवारी जेवायला येते; जेवण पटलं तर करार वाढवते, नाहीतर जागा लॉन्ड्रीला देते. (बारा वर्षं आम्ही भाडेकरू, पण बाईंनी आमच्याकडे पाण्याचा घोटही घेतलेला नाही.) तुझी भावजय त्रीफा म्हणाली, "सूप, भात, मटण वाढा आणि तोंड बंद ठेवा." मी म्हटलं, ज्यांच्या देशाचा नकाशा परक्यांनी आखला, त्यांनी आपलं पातेलं तरी आपल्या हातांनी उलटावं. यापराखच होणार, आणि पातेलं पाहुणीसमोर परातीत पालथं पडणार.

"घाला पालथं," ती म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

यापराखमधल्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या शिजताना सुटू नयेत म्हणून आपण त्यांवर ताटली आणि ताटलीवर दगड ठेवतो, आणि पातेलं उलटण्याआधी दोन्ही काढतो, हे तुला मी काय सांगावं. पण उलटण्याआधी मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो. (त्रीफाच्या मते पाऊण तास. घड्याळ तिच्या बाजूचं आहे.) साम्राज्यं कोसळतात, इथवर आलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारातून डाव हलवत होती. मला वाटलं, दाद देते आहे. मी पातेल्यावर परात धरली आणि दोन्ही उलटली.

ठण्णकन आवाज झाला. पातेलं उचललं, तर ढीग कलला, कोसळला, आणि वाफाळता दगड घरंगळत बाईंच्या ताटाला टेकला. बाईंनी तो काट्याने टोचून पाहिला.

"हा कसा खातात?"

"ते यांचं भाषण आहे बाई," त्रीफा म्हणाली. "पचायला जडच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली. बारा वर्षांची चूल विझताना मला समोर दिसली. मी घाईघाईने म्हटलं, हा दगड आईने गावच्या नदीतून उचलला, निघताना ताईने माझ्या हातात दिला, चार सरहद्दी ओलांडून इथे आला. बाई थांबल्या. "माझी आजी मासे असेच दगडाखाली मुरवायची," म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. मग अकरा गुंडाळ्या खाल्ल्या. मी मोजल्या.

सर्वांना नमस्कार.

तुझा धाकटा,
रेबवार

ता. क. करारावर सही अजून व्हायची आहे. एक तारखेला बाई भावाला घेऊन येणार आहेत. तो विद्यापीठात दगडच शिकवतो, आणि त्याला हा पाहायचा आहे. ताई, तू दिलेला दगड आठ वर्षांपूर्वी घर बदलताना हरवला. परातीत पडला तो इथल्या समुद्रकाठचा. नदीतला एक मुठीएवढा दगड पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर परत पाठव. त्रीफाला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. ताई, मी त्रीफा. यांनी पाकीट चिकटवून माझ्याच हाती दिलं. सुपाच्या वाफेवर सुटलं. दगड पाठवू नका. मूळचा माझ्या पिठाच्या डब्यात आहे. येईल त्या गिऱ्हाइकाला तो दाखवून हे बोलत सुटायचे आणि जेवण गार व्हायचं, म्हणून लपवला होता. एक तारखेला सकाळी पातेल्यात ठेवीन. तोवर यांना धाकात राहू द्या. दोन दिवस झाले, घरात एकही भाषण नाही.