चार दारांची गाडी

पुणे, ९ मार्च

ती. सौ. ताईस,
अमरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट पाहून शेवटी मीच लिहायला बसलो. फोन केला असता, पण तुमच्या सिहोऱ्याच्या घरी फोन कायम स्पीकरवर. मी काय जेवलो, हे तुझ्या सासूबाईंपासून पलीकडच्या अंगणापर्यंत सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा आपली पत्रं बरी.

तर बातमी अशी, की लग्नाआधी मी गाडी घेतोय. जुनीच आहे, पण आपल्या मोहाडीने अजून पाहिली नसेल अशी. इथे एकाकडे एकाच गाडीची दोन रूपं विकायला आली आहेत. इंजिन तेच, निळा रंग तोच, पाय दाबला की पाठ सीटला चिकटते तीही दोन्हींत सारखीच. फरक छताचा. एक कन्व्हर्टिबल, बटण दाबलं की छत घडी होऊन मागे जातं. दुसरी सेडान, चार दारांची, पक्क्या छताची. काल उघडी चालवून पाहिली. ताई, घाटात तोंडावर असा वारा आला की मी एकटाच मोठ्याने गायला लागलो. विकणारा शेजारी बसलाय हे विसरूनच गेलो होतो.

बाबांनी फोटो पाहून विचारलं, की छतच नाही तर गाडी कायले पाहिजे, ट्रॅक्टर उभाच आहे घरी. आईला काळजी, की बाजारातलं कुत्रं उडी मारून आत बसेल. राहिलीस तू. आपलं वऱ्हाड उतरणार कारध्याच्या जानोशात, तिथून पूल ओलांडून वरात भंडाऱ्याला रेणूच्या दारी जाणार, आणि करवली म्हणून माझ्या शेजारी तू बसणार. म्हणजे अर्धी गाडी तुझीच. तेव्हा तू सांगशील ती घेतो. माझा कल कुठे आहे ते तुला कळलंच असेल.

गुड्डीला पापा, भाऊजींना नमस्कार. लोभ आहे, तो गाडीपायी कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
अमर

---

सिहोरा, १७ मार्च

चि. अमरला,
ताईचे अ. उ. आ.

उघडीच घे! यात विचारायचं काय? मोहाडीच्या बाजारातून येताना बैलबंडीत उभा राहून हात पसरणारा तूच ना? एकदा तोंडावर आपटलास, तरी दुसऱ्या आठवड्यात परत उभा. बाबांचं मनावर घेऊ नकोस. त्यांचे शेजाऱ्यांना फोटो दाखवून झालेत, आईनेच मला सांगितलं.

आता एक मनातलं लिहिते. हनुवटीवरचा डाग गालावर सरकलाय, ओठांभोवतीही आलाय. कोडच आहे. कोणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. तरी हळदीकुंकवाला मला मागच्या खोलीत चहा गाळायला बसवतात. त्यांना तरी काय बोलू? मी स्वतःच पदर ओढून बसते. कुठल्याही लग्नात फोटोची वेळ आली की मला नेमकं गॅसजवळचं काम आठवतं. गुड्डी परवा म्हणाली, की आईचे फोटो सगळे पाठमोरे काहून आहेत.

म्हणून या वेळी ठरवलंय. तुझ्या शेजारी उघड्या गाडीत बसायचं, पदर खांद्यावर. ज्याला बघायचं त्याने एकदाचं पोटभर बघून घ्यावं, म्हणजे पुढे माझी सुटका झाली. उन्हाची काळजी करू नकोस, वरात संध्याकाळची आहे आणि दवाखान्यातलं मलम आहे. केशरी साडीही घेतली. तुझे भाऊजी म्हणाले, की फार भडक होऊन राहिली. मी म्हटलं, म्हणूनच घेतली.

गाडी घेतलीस की लगेच कळव. तुझी माया अशीच उघड्यावर असू दे.

तुझी,
ताई

---

पुणे, २८ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कामाचा रगाडा फार आहे.

गाडी घेतली. बराच विचार करून शेवटी सेडान घेतली. आपल्याकडच्या धुळीत ते कापडी छत टिकणार नाही, असं इथले जाणकार म्हणाले. बँडवाले, फटाके, अक्षता, सगळं आत पडणार. शिवाय वैशाखातली संध्याकाळ म्हणजे काय, सहा वाजेपर्यंत चटके बसतात, आणि तुझ्या कातडीला ऊन सोसत नाही. बंद गाडीत तुला गार वाटेल. खरं सांगतो, मुख्यतः तुझ्याच सोयीसाठी ही घेतली. मागच्या सीटवर तू आणि आई आरामात बसाल, कोणी डोकावणार नाही. नवरदेवाशेजारी मामांची पोरगी बसायचं म्हणते, लहान आहे, हौस आहे तिची, तर बसू देऊ. तुझी दगदग वाचेल.

गाडी मात्र झकास आहे. भेटीत सविस्तर. रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझा,
अमर

---

सिहोरा, ५ एप्रिल

चि. अमरला,
अ. उ. आ.

गाडीबद्दल अभिनंदन. सुखाने चालव, सावकाश चालव.

तुझं पत्र चुलीपाशी वाचलं, मग अंगणात जाऊन परत वाचलं. घाटात गात होतास त्या दिवशी धूळ नव्हती. मी पदर घेणार नाही असं लिहिलं आणि तुला धूळ दिसायला लागली. माझ्या सोयीसाठी म्हणतोस. माझी सोय मी तुला लिहून कळवली होती रे.

सासूबाई मागच्या खोलीत बसवतात त्याचं मला आता फारसं लागत नाही, त्या परक्या घरच्या. तू मागच्या सीटवर बसवलंस. तुला आठवत नसेल, पण तुला कडेवर घेऊन मी शाळेत जात असे, तू रडायचास म्हणून. तेव्हा माझा चेहरा कोरा होता, एवढाच फरक.

साडी पेटीत ठेवली. मला माझी लाज वाटेनाशी होत आली होती, अमर. तुझ्या पत्राने ती परत आली, म्हणून राग येतो. लग्नाला येईन. मागे आईजवळ बसेन. बाबांना यातलं काही सांगू नकोस, ते उगीच भडकतील.

गुड्डी मामाची वाट पाहते. तिच्यासाठी तरी आपलं जुनं प्रेम राहू दे.

ताई

---

मोहाडी, १३ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

परवा गाडी घेऊन घरी आलो. सिहोरा इथून तासाभराचाही रस्ता नाही, आणि गाडी अशी की पाय ठेवायची खोटी. तरी पत्र लिहितोय, कारण तोंड दाखवायची हिंमत नाही. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

तुला सांगायला हवं ते सांगतो. रेणूकडचे आपलं घर पाहायला आले, त्या दिवशी तिचे काका, परसराम काका, यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्या ताईच्या चेहऱ्याला काय झालं. मी म्हणालो, कढईतलं तेल उडालं, भाजलं. विचारही केला नाही, तोंडातून निघून गेलं. सोयरीक मोडेल अशी भीती वाटली असेल, पण ती भीती आत्ता शोधून काढलेली आहे. तेव्हा फक्त लाज वाटली, तुझी. तू आत बायकांत पुऱ्या लाटत होतीस.

मग तुझं पत्र आलं, की पदर न घेता उघड्या गाडीत बसणार. मला दिसलं, की पुलावर सगळा गाव बघणार, परसराम काका बघणार, आणि भाजलेली कातडी अशी नसते हे शेंबड्या पोरालाही कळेल. खोटं झाकायला मी छत विकत घेतलं. धूळ, ऊन, तुझी सोय, सगळं मी बनवलेलं.

येताना कारध्याला थांबलो, रेणूला बोलावून घेतलं आणि नदीकाठी सगळं सांगितलं. वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, की आमाले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या ताईनंच माझ्या आईले सैपाकघरात सांगितलं, स्वतःहून, की हे कोड होय, पुढे कोणी काही बोलाच्या आधी तुमाले माहीत असलेलं बरं. काकानं ते समजल्यावरच मुद्दाम विचारलं, तुमी काय सांगता ते पाहाचं होतं.

ताई, त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी तेलाची गोष्ट रंगवून सांगत होतो आणि काका मान हलवत ऐकून घेत होते. रेणूकडूनच कळलं, त्या रात्री त्यांच्याकडे बोलणं झालं, तेव्हा रेणूची आई एवढंच म्हणाली, की बहीण पसंत आहे, पोराचं पुढे पाहू. म्हणजे तुझ्या जिवावर माझं लग्न ठरलं, आणि मी तुला मागच्या सीटवर बसवत होतो.

पुण्याला फोन केला, गाडी बदलून मिळेल का म्हणून. उघडी गाडी विकली गेली, आता हीच. मामांच्या पोरीला नको म्हणून सांगितलं. करवली तूच, शेजारी तूच, साडी तीच. माफी मागितली तर देशील हे माहीत आहे, म्हणूनच मागायला जीभ उचलत नाही. जमेल तेवढा लोभ ठेव.

अमर

---

सिहोरा, २० एप्रिल

चि. अमरला,
ताईचे अ. उ. आ.

तेल! अरे, आपल्या घरात मी पुऱ्या कधीपासून तळते, आजपर्यंत एक थेंब अंगावर उडवून घेतला नाही. निदान चांगली स्वयंपाकीण तरी राहू द्यायची होतीस. हे वाचून आधी हसले आणि मग खूप रडले. गुड्डीने पाणी आणून दिलं.

माफ केलं असं आज लिहीत नाही. लिहिलं तर तू लगेच बरा होशील, आणि मला अजून बरं वाटत नाहीये. थोडे दिवस लाजेत राहा. मी त्यात बरीच वर्षं काढली, माणूस त्याने मरत नाही.

साडी पेटीतून काढली आहे. करवली मीच. पण तुझ्या गाडीत मी बसणार नाही, शेजारीही नाही आणि मागेही नाही. डोक्यावर कलश घेऊन मी गाडीच्या पुढे चालणार, बँडच्या मागोमाग, पदर खांद्यावर टाकून. कारध्याहून पूल ओलांडून रेणूच्या दारापर्यंत. तुझी ती पाठ चिकटवणारी गाडी माझ्या चालीने मागे येऊ दे. तू आत गारव्यात बस आणि काचेतून बघत ये, लोक बहिणीकडे कसे बघतात ते. मला वाटतं, दोन-चार जण बघतील आणि मग बँडकडे वळतील. तेवढ्यासाठी आपण दोघांनी केवढं छत बांधलं होतं.

परसराम काकांना मात्र वरातीच्या आधी तू स्वतः सांग, रेणूला पुढे करू नकोस. आईसाठी मागच्या सीटवर उशी ठेव, तिची कंबर दुखते. बाबांना पुढे बसव, त्यांना मनातून बसायचं आहे.

आणि चालता चालता मी मागे वळून बघणार नाही, कलश डोक्यावर असेल. पण तूच लिहिलं होतंस, की या गाडीला चार दारं आहेत. ती आतून उघडतात ना रे?

वाट पाहणारी,
तुझी ताई