उघड्या डोक्याला तेल

आये, परवा तुझ्या नातीची हळद झाली. तू तिला पाहिलंच नाहीस. तोंडवळा तुझा घेतलाय आणि जिभेची धारही.

मी सहावीत होते तेव्हा सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसला. मग डोक्यावर गुळगुळीत चट्टे, आणि दिवाळीपर्यंत सगळं डोकं मोकळं. चाई, म्हणाले सगळे. तू मला चुलीपुढे बसवून कांदा घासतेस, लसूण घासतेस, डोक्याची आग होते आणि मी बोंबलते. शेवटी शहापूरच्या डॉक्टरांनी तुलाच झापलं, "अहो, कातडं सोलाल पोरीचं! तिचं शरीर तिच्याच केसांवर उठलंय. हे लागत नाही कुणाला." त्या दिवसापासून तू कांदा सोडलास आणि मला नावं ठेवणाऱ्या लोकांना धारेवर धरलंस. मी मात्र घराबाहेर पडेना. म्हशाच्या जत्रेला सगळ्या मैत्रिणी गेल्या, मी गेले नाही. वाऱ्याने रुमाल उडाला तर काय, हीच धास्ती. पुढे मुरबाडची माणसं मला बघायला आली तेव्हा चहा देता देता तू म्हणालीस, "पोरीला चाई हाय. डोक्यावर एक केस नाय. पटत नसंल तर चाय तरी पिऊन जावा." ती थांबली, लग्नही ठरलं. पण माझ्या हळदीला तू मला खोलीत नेलंस, दार लावलंस आणि एकटीनेच तेल लावलंस. एवढी बोलणारी तू, तुलाही शेवटी माझी लाज वाटली, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते.

आपल्यात नवरीच्या आईलाही तेल लागतं. परवा मांडवात पाटावर बसले, विग घालून, आणि म्हटलं, वरूनच लावा. तर नवरीबाई कडाडल्या, "आई, लगीन विगचं हाय का?" बायका हसल्या, मला दरदरून घाम फुटला. तरी काढला विग, ठेवला मांडीवर. मग धाकटी काकी, आता तोंडात दात नाही तिच्या, पुढे आली आणि वाटीभर तेल ओतलं. "आडवायला काय नाय गो, सरळ नाकावर येतंय!" सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. गार गार तेल, इतकं बरं वाटलं! आणि तिथेच कळलं, तू दार लाजेने लावलं नव्हतंस. एखादीने नुसतं तोंड वाकडं केलं असतं तरी तू मांडव मोडला असतास.

लग्नातही उघड्या डोक्यानेच मिरवले. किन्हवलीचे पाहुणे, पोरीच्या सासरचे, म्हणतात, काय धीराची बाई! मी नुसती हसते. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुला खरं सांगते. लग्नाच्या सकाळी विग घालून पाहिला होता. दोनदा डोकं धुतलं तरी तेल जाईना, आणि तो मेला सारखा कानावर घसरत होता.