डावीकडचं पेडल

नाशिक,
दि. ११ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. चांगुणाआत्यास,
हर्षालीचा सा. न. वि. वि.

तुझ्या फोनवरचं बोलणं घरात सगळे ऐकतात, म्हणून निफाडच्या गाडीसोबत चिठ्ठी देते आहे. तुझ्या टोळीतली कुसाबाई पित्ताशय काढून घ्यायला आमच्या हॉस्पिटलात येणार आणि ते ऑपरेशन मी करणार, हे तू अख्ख्या मळ्याला सांगून बसलीस. माझं हे पहिलंच. मला शिकवणारे मोठे सर्जन, आमचे सर, शेजारी असतील, पण हात माझे. आत्या, मला भीती वाटते.

वर्षभर मी सरावाच्या यंत्रावर शिकले. डोळ्यांवर ती पेटी चढवली की खरं वाटावं असं पोट दिसतं, चुकलं तर रक्तही येतं. पायाशी तीन पेडल असतात. दोन विजेची, एक कापायला आणि एक रक्त जाळून थांबवायला. डावीकडचं दाबलं की सगळं पुसून पहिल्यापासून सुरू. ते मी शेकडो वेळा दाबलंय. गुरुवारी खऱ्या ऑपरेशनमध्ये सरांनी थोडा वेळ अवजार माझ्या हाती दिलं. रक्त दिसलं आणि माझा डावा पाय आपोआप दाबला गेला. खऱ्या ऑपरेशनला तिथे डावीकडे कापायची वीज असते. अवजार मी मागे घेतलेलं होतं, म्हणून निभावलं. कुणाला कळलं नाही. तुला सोडून कुणाला सांगितलंही नाही.

लोभ आहेच, या खेपेला थोडा धीरही पाठव.
तुझी,
हर्षाली

निफाड,
दि. १३ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी वाचली. मिरवायला मी पुढे आणि पोट कुसाबाईचं.

वीस वर्षं आम्ही दोघी एका ओळीत द्राक्षाची विरळणी करतो, घडातले जादा मणी कात्रीने काढतो. मी नवी असताना कात्री देठालाच लागली आणि अख्खा हिरवा घड खाली पडला. मी तो पाल्यात लपवला. कुसाबाईने शोधून माझ्या कमरेला बांधला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, ही आमच्या टोळीची रीत. दिवसभर रडले, पण पुढे कात्री जपून चालली.

तू सरांना सांग. तुला ऑपरेशनवरून काढलं तर काढू दे, मळ्यात तोंड दाखवायचं माझं मी बघेन. नाही सांगितलंस तर कुसाबाईला मीच पाठवणार नाही. हे रागाने नाही, भीतीने लिहिते. आणि जेवत जा, दिवाळीत डॉक्टरपेक्षा पेशंटच दिसत होतीस.

माया कमी करू नकोस.
तुझी आत्या,
चांगुणा

नाशिक,
दि. २३ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

सरांना सांगितलं. मग त्यांनी यंत्राच्या त्या पेडलची वायर काढून टाकली. आठवडाभर चूक झाली की ती शेवटपर्यंत निस्तरायला लावली. एकदा यंत्रातला पेशंट दगावला, तेव्हाही उठू दिलं नाही. शेवटी ते म्हणाले की ऑपरेशन तूच कर, पण आधी कुसाबाईंची परवानगी घे.

मी कुसाबाईंना सगळं सांगितलं. चांगुणाच्या कमरेला बांधला होता तसाच हा घड हाय का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या की तूच कर, पण पायाचा बंदोबस्त कर. म्हणून काल ऑपरेशनला विजेची दोन्ही पेडल उजव्या पायाखाली घेतली आणि डावीकडची जागा मोकळी ठेवली.

मध्येच रक्त आलं. आत्या, डावा पाय गेलाच. इतकं करूनही गेला. खाली नुसती फरशी होती. मग ते रक्त मी हातातल्या अवजारानेच दाबून थांबवलं. सगळं नीट झालं, कुसाबाई सकाळपासून चहा मागताहेत.

माझा पाय तरीही डावीकडे गेला होता, हे त्यांना अजून माहीत नाही. ही चिठ्ठी गाडीवर दिली की वरच्या मजल्यावर त्यांच्या खाटेशी तेच सांगायला जाते आहे.

आहे तशी पदरात घे.
तुझी,
हर्षाली